पहिल्या डोसनंतरचे ४८ तास

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मोठ्या रुग्णालयात कॅन्सर, हृदय किंवा किडनी निकामी होणं, फुप्फुसाचे जुनाट आजार असे गंभीर रुग्ण सतत दाखल असतात. तिथल्या डॉक्टरांना आणि नर्सना वेदनेवरचे उपचार, विशेषतः मॉर्फिनसारखी ओपिऑइड औषधं, सुरक्षितपणे वापरायला शिकवायचं आहे. दोन तासांची व्याख्यानं झाली, चाचणी झाली, बहुतेकांना चांगले गुण पडले. वॉर्डात मात्र काहीच बदललं नाही. काही जण मॉर्फिनला हात लावत नाहीत आणि काही जण कातडीतून ओपिऑइड सोडणारा पॅच चिकटवून मोकळे होतात. मग नेमकं शिकवायचं काय, आणि कसं?

व्याख्यान वाया गेलं असं मी म्हणणार नाही. पण माणूस जिथे अडतो तिथपर्यंत व्याख्यान पोचत नाही. डोस किती द्यायचा हे पुस्तकात सापडतं. डोस दिल्यावर दोन तासांनी रुग्ण गाढ झोपलेला दिसला की पोटात गोळा येतो, त्या वेळी काय करायचं हे वाचून कळत नाही. मॉर्फिनला घाबरणारा डॉक्टर आणि पॅच लावून निघून जाणारा डॉक्टर वरवर अगदी उलट टोकाचे वाटतात. मी इतकी वर्षं शिकवते आहे, आणि दोघांची अडचण मला एकच दिसत आली आहे: मॉर्फिन सुरू केलेल्या रुग्णापाशी पहिले दोन दिवस दोघांपैकी कोणीच थांबलेलं नसतं. एकाने काय होऊ शकतं ते फक्त ऐकलेलं असतं, म्हणून तो घाबरतो. दुसऱ्याने काय झालं ते पाहिलेलंच नसतं, म्हणून तो निर्धास्त असतो. त्यामुळे माझं सगळं प्रशिक्षण या ४८ तासांभोवती बांधलेलं आहे.

तीन-चार जणांचा गट करते. त्यात डॉक्टर, नर्स आणि शक्य असेल तर फार्मासिस्ट. ज्याला आज मॉर्फिन सुरू करायचं आहे असा एक रुग्ण गटाला देते. त्यांनी स्वतः विचारपूस करायची, तपासायचं, डोस ठरवायचा, माझ्याकडून बघून घ्यायचा आणि लिहायचा. पूर्वी ओपिऑइड न घेतलेल्या प्रौढाला तोंडाने ५ मिलिग्रॅम दर ४ तासांनी, खंगलेल्या किंवा वय झालेल्या रुग्णाला २.५ मिलिग्रॅम, अशी ही सुरुवात असते. इथपर्यंत फारसं कोणी चुकत नाही. तोंडाने दिलेलं साधं मॉर्फिन तासाभरात पूर्ण जोरावर येतं आणि चार तासांच्या आसपास ओसरतं. म्हणून गटाने तासाभराने खाटेपाशी परत यायचं. चार तासांनी, पुढच्या डोसच्या आधी, पुन्हा यायचं. रात्री एकदा यायचं, सकाळी यायचं, आणि दुसऱ्या दिवशीही हेच.

प्रत्येक खेपेला चार गोष्टी लिहायच्या: दुखणं किती, गुंगी किती, श्वास मिनिटाला किती, आणि काल जमत नव्हतं असं आज रुग्णाला काय जमलं. कुशीवर वळता आलं, बसून चार घास खाता आले, नातवाशी बोलता आलं. या चौथ्या नोंदीला मी फार जपते, कारण रुग्णाला आकडा कमी व्हायला नको असतो, त्याला वळायचं असतं. श्वास मोजायचा तो आल्या आल्या, हाक मारण्याआधी, पूर्ण एक मिनिट. रुग्ण जागा झाला की श्वास बदलतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय तर मोडूनच काढावी लागते, कारण मंद आणि अनियमित श्वासात ती हमखास फसवते.

एका दुपारी असाच एक रेसिडेंट धावत आला. "मॅडम, पेशंट उठत नाहीये. सकाळपासून दोनच डोस झालेत." आम्ही गेलो. रुग्ण भिंतीकडे तोंड करून निजला होता. मी त्याला हात लावू दिला नाही, घड्याळ दाखवलं. श्वास मिनिटाला चौदा, एकसारखे. ओठांचा रंग चांगला. मग रेसिडेंटला म्हटलं, आता हळूच नावाने हाक मार. त्याने हाक मारली. रुग्णाने डोळे उघडले, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "झोपू द्या ना जरा." बायको म्हणाली, चार रात्री त्यांनी बसून काढल्यात. तो रेसिडेंट त्यानंतर मॉर्फिनला कधी घाबरला नाही. हे मला स्लाइडवर दाखवता आलं नसतं.

त्याच गटाला आठवड्याभराने दुसरं चित्र दाखवायची संधी मिळाली. दुसऱ्या एक रुग्ण बाई बोलता बोलता मिटत होत्या. प्रश्नाला उत्तर द्यायला सुरुवात करायच्या, वाक्य अर्ध्यात सुटायचं, पुन्हा हाक मारली की दचकून बघायच्या. श्वास अजून बारा होता, ऑक्सिजनही चांगला. गटातल्या एकीने लिहिलं, "श्वास ठीक, डोस चालू ठेवावा." हीच जागा सुरक्षिततेची आहे. ओपिऑइडची मात्रा जास्त होते तेव्हा आधी गुंगी वाढते, श्वास त्याच्या मागून मंदावतो. वाक्य अर्धवट राहू लागलं म्हणजे इशारा मिळालेला आहे. पुढचा डोस थांबवायचा, जवळ थांबायचं, कारण शोधायचं आणि नंतरची मात्रा कमी करायची. गुंगी मोजण्यासाठी पासेरो यांची सोपी श्रेणी आहे, ती नर्सना अर्ध्या तासात येते. ऑक्सिजन दाखवणाऱ्या यंत्रावर मात्र विसंबू नका. नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल तर श्वास धोक्याच्या पातळीपर्यंत उतरला तरी आकडा बराच वेळ साजरा दिसत राहतो.

आता थोडं मागे जाते, कारण डोस लिहिण्याआधीचं विचारणंच बहुतेक ठिकाणी कच्चं असतं. "दुखतंय का? शून्य ते दहामध्ये किती?" एवढ्यावर काम उरकतं. आकडा हवाच, पण दुखण्याचा पोत त्यातून कळत नाही. आपल्या भाषेत त्यासाठी काय सुंदर शब्द आहेत! रुग्ण "ठणका" म्हणतो, "कळ येते" म्हणतो, "सणक जाते", "आग होते", "मुंग्या येतात", "सलतं", "पिळवटून निघतं" म्हणतो. हे सगळं केस पेपरवर "पेन प्लस" होऊन बसतं आणि निदानच हरवतं. कळ येऊन जाणारी असेल तर आतड्याचा, मूत्रमार्गाचा, पित्तमार्गाचा विचार करायचा. सणक, आग, मुंग्या म्हणजे नस दुखावलेली आहे, तिथे एकट्या मॉर्फिनने भागणार नाही, ॲमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेन्टिनसारखी जोड लागेल. हलताना उठणारी, एका बोटाने दाखवता येणारी वेदना हाडाची असू शकते. मी प्रशिक्षणार्थींना एक सक्ती करते: रुग्णाचा शब्द जसाच्या तसा, अवतरणचिन्हात लिहायचा. पहिल्या आठवड्यात त्यांना हे पोरकट वाटतं.

आणि कोणाला विचारायचं हेही शिकवावं लागतं. राउंडला सहा पांढरे कोट खाटेभोवती उभे राहिले की रुग्ण "बरंय" म्हणतो. तोच माणूस रात्री अडीच वाजता सिस्टरला सांगतो की कुशीवर होता येत नाही. बोलू न शकणाऱ्यांचं तर विचारूच नका. वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२०मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली तेव्हा स्पष्ट म्हटलं की बोलता न येणं म्हणजे वेदना नसणं नव्हे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचा चेहरा, कण्हणं, हात झटकणं, कुशी बदलताना अंग आखडणं हे वाचायला शिकवा. पेनॅड नावाची श्रेणी त्यासाठीच आहे. शिवाय घरच्यांना विचारा: यांना दुखत असलं की हे काय करतात? ते अचूक सांगतात.

सिसिली साँडर्स यांनी १९६७मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. त्या आधी नर्स होत्या, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर, त्यामुळे त्यांना वेदना एका बाजूने दिसलीच नाही. शरीराचं दुखणं, मनाची घालमेल, घराची काळजी आणि "माझ्याच वाट्याला का" हा प्रश्न यांचा मिळून एकच गुंता होतो, हे त्यांनी मांडलं. शिकणाऱ्यांना मी याचा व्यवहारातला अर्थ सांगते: डोस तीनदा वाढवला, गुंगी वाढली, दुखणं तसंच आहे, तर चौथ्यांदा वाढवण्याआधी खुर्ची ओढून बसा. मुलीचं लग्न, थकलेलं कर्ज, बायकोशी न बोललेलं काहीतरी, असं बाहेर येतं. त्यावर मॉर्फिन वाढवत गेलात तर तो उपचार नव्हे, धोका आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची वेदनाशामकांची शिडी सगळ्यांना पाठ असते. १९८६ची ती शिडी: खाली पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणारी औषधं, मध्ये कोडीन, वर मॉर्फिन. तिने मोठं काम केलं. पण तीव्र वेदनेच्या रुग्णालाही खालच्या पायरीपासून एकेक पायरी चढवत नेणारे डॉक्टर मी अजून पाहते. दहापैकी नऊ दुखतंय त्याला सरळ मॉर्फिनचा लहान डोस द्यायचा असतो. संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनीही शिडीला शिकवण्याच्या साधनाची आणि सर्वसाधारण दिशेची जागा दिली आहे, कडक नियमाची नाही. कोडीनबद्दल एक महत्त्वाची गोष्ट: ते शरीरात गेल्यावर यकृत त्याचं मॉर्फिन बनवतं, आणि हे काम काहींचं यकृत जवळजवळ करतच नाही तर काहींचं फार वेगाने करतं. म्हणजे "सौम्य" औषध म्हणून दिलेलं कोडीन एकाला निरुपयोगी आणि दुसऱ्याला घातक ठरू शकतं. ट्रॅमाडॉलने आकडी येऊ शकते, आणि नैराश्याच्या काही औषधांबरोबर त्याचं पटत नाही.

शिडीपेक्षा मला त्याबरोबरची दोन सूत्रं मोलाची वाटतात: शक्य तोवर तोंडाने, आणि घड्याळाप्रमाणे. "दुखलं तर द्या" असं लिहिलं की रुग्ण आधी दुखणं सोसतो, मग मागतो, मग वाट बघतो. साँडर्स हे घड्याळाप्रमाणे देणं कुठे शिकल्या? डॉक्टर होण्याआधी, लंडनच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात स्वयंसेविका म्हणून काम करताना. तिथल्या नर्स दर चार तासांनी नियमित डोस देत असत.

आता हिशेबाकडे येते. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण जिवावर बेतणाऱ्या चुका बहुधा इथे होतात. कागद-पेन्सिल घेऊन, मोठ्याने बोलत गणितं करवून घेते. एक नेहमीचं गणित: रुग्णाला १० मिलिग्रॅम मॉर्फिन दर चार तासांनी चालू आहे, म्हणजे दिवसाला ६०. मधेच दुखणं उसळलं तर द्यायचा जादा डोस दिवसाच्या एकूण मात्रेच्या एक षष्ठांश, म्हणजे १०. काल त्याला असे चार जादा डोस लागले. एकूण किती? शंभर. मग नवा नियमित डोस? सगळे शंभरला सहाने भागतात, साडेसोळाच्या थोडं वर येतं ते खाली उतरवून १५ लिहितात. गणित बरोबर आहे. मग मी विचारते, ते चार डोस कधी घेतले? केस पेपर उलटून बघतात. दोन घेतले ड्रेसिंगच्या वेळी आणि दोन फिजिओथेरपीच्या वेळी. एरवी रुग्ण शांत होता. म्हणजे नियमित डोस वाढवायचं काहीच कारण नव्हतं. ड्रेसिंगच्या अर्धा-पाऊण तास आधी जादा डोस द्यायचा, एवढंच करायचं होतं. नियमित डोस वाढवला असता तर उरलेला सगळा दिवस तो माणूस गुंगीत पडून राहिला असता.

मार्ग बदलताना दुसरी चूक होते. तोंडाने घेतलेल्या मॉर्फिनचा बराच भाग यकृतातच खर्च होतो. म्हणून तोंडाने ९० मिलिग्रॅम घेणाऱ्याला त्वचेखालून द्यायचं तर साधारण निम्मं, म्हणजे ४५, आणि शिरेतून द्यायचं तर साधारण एक तृतीयांश, ३०, पुरतं. उलटी सुरू झाली म्हणून तोंडाचाच आकडा इंजेक्शनला लिहिला की दुप्पट-तिप्पट मात्रा गेली. एका ओपिऑइडवरून दुसऱ्यावर जाताना तक्त्यातून आलेल्या आकड्यातून २५ ते ५० टक्के वजा करायचे, कारण शरीर जुन्या औषधाला सरावलेलं असतं, नव्याला तितकं नाही. पातळ मॉर्फिन लिहिताना मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही लिहायचे, बाटलीवरची तीव्रताही लिहायची. आणि ५ लिहायचं असेल तर ५च लिहा, ५.० नको. बिंदू फिकट उमटला की त्याचे ५० होतात.

किडनीबद्दल माझ्याच हातून घडलेलं सांगते. शिकत असतानाच्या काळातली गोष्ट. एका रुग्ण आजोबांना मॉर्फिन चांगलं लागू पडलं होतं. मग त्यांचं खाणंपिणं कमी झालं, लघवी कमी झाली, आणि चार-पाच दिवसांनी ते पुन्हा दुखतंय म्हणू लागले. मी डोस वाढवला. दुसऱ्या दिवशी दुखणं आणखी वाढलं, नुसती चादर लागली तरी ते कळवळायचे. मी पुन्हा वाढवला. हातापायांना बारीक झटके येत होते, तेही मी पाहिले आणि अशक्तपणाच्या खात्यावर टाकले. रात्री त्यांना भिंतीवर माणसं दिसू लागली तेव्हा सिस्टरने विचारलं, "मॅडम, यांचं क्रिएटिनिन शेवटचं कधी बघितलं?" क्रिएटिनिन म्हणजे किडनी किती काम करते आहे ते सांगणारी रक्ताची तपासणी. मॉर्फिनचं विघटन होऊन जे पदार्थ तयार होतात ते किडनीवाटे बाहेर पडतात. किडनी थकली की ते साठतात. एकाने गुंगी आणि श्वासाचा धोका वाढतो, दुसऱ्याने झटके, भास आणि उलट वाढलेली वेदना येते. वेदनेवर मी जे औषध वाढवत होते तेच वेदना वाढवत होतं. औषध बदललं, सलाइन लावलं, आणि दोन दिवसांत आजोबा ताळ्यावर आले. तेव्हापासून मी शिकवते: अचानक वाढलेली, सर्वांगाला पसरलेली वेदना आणि सोबत झटके दिसले की डोस वाढवायचा नाही, किडनी बघायची. किडनी निकामी असलेल्यांना फेन्टानिल किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही दुसरी ओपिऑइडं जास्त मानवतात. मेथाडोनही चालतं, पण ते शरीरात किती दिवस रेंगाळेल याचा अंदाज माणसागणिक बदलतो आणि ईसीजीवरही लक्ष ठेवावं लागतं. ते अनुभवी हाताखालीच सुरू करावं.

फेन्टानिलच्या पॅचवर मी खास चिडते, कारण तो निरुपद्रवी प्लास्टरसारखा दिसतो. ताशी २५ मायक्रोग्रॅमचा पॅच म्हणजे दिवसाला ६० ते ९० मिलिग्रॅम तोंडी मॉर्फिन. ज्याने कधी ओपिऑइड घेतलेलं नाही त्याला तो लावणं म्हणजे पहिल्याच दिवशी एवढी मात्रा देणं. त्याचा असर यायला १२ ते २४ तास लागतात, म्हणून आधीचं औषध लगेच बंद करायचं नसतं. काढल्यावरही कातडीत उरलेलं औषध जवळपास दिवसभर झिरपत राहतं, म्हणून गुंगी आली आणि पॅच काढला तरी रुग्णाला सोडून जाता येत नाही. ताप आला किंवा वरून गरम पिशवी शेकली तर औषध वेगाने आत जातं. आणि खंगलेल्या, चरबी उरली नाही अशा रुग्णात ते नीट शोषलंही जात नाही. दुखणं रोज बदलतंय, मात्रा अजून ठरलेली नाही, अशा रुग्णाला पॅच लावूच नये. स्थिर झालेल्या आणि गिळता न येणाऱ्या रुग्णाला मात्र तो वरदान आहे.

नॅलॉक्सोन म्हणजे ओपिऑइडचा असर उतरवणारं औषध. त्याचा सराव बाहुलीवर करून घ्या, हातात सिरिंज देऊन. घाबरलेला डॉक्टर ०.४ मिलिग्रॅमचं पूर्ण ॲम्प्युल एका दमात देतो. रुग्ण जागा होतो आणि किंचाळतो, कारण कित्येक दिवसांची वेदना एका मिनिटात परत आलेली असते. शिवाय नाडी आणि रक्तदाब उसळतात. या रुग्णांत रीत वेगळी आहे: ०.४ मिलिग्रॅम सलाइनमध्ये मिसळून १० मिलिलिटर करायचं आणि दर दोन-तीन मिनिटांनी एकेक मिलिलिटर द्यायचं, श्वास सुधारेपर्यंत. रुग्ण टक्क जागा व्हायची वाट बघायची नाही. नॅलॉक्सोनचा असर तास-दीड तासात ओसरतो, लांब टिकणारं ओपिऑइड मात्र तेव्हाही शरीरात असतं, म्हणून गुंगी परत येऊ शकते. श्वास मिनिटाला आठच्या खाली आणि हाक मारूनही जागं होत नाही, अशाच वेळी हे करायचं. मृत्यूच्या उंबरठ्यावरच्या रुग्णाचा श्वास आपोआप मंदावतो, मधे मधे थांबतो. औषधाची मात्रा न बदलता, हळूहळू, दिवसागणिक होणारा तो बदल आहे. तिथे नॅलॉक्सोन दिलं तर त्या माणसाचे शेवटचे तास आपण वेदनेत घालवतो. हा फरक मी शब्दांत सांगते, पण कळतो तो खाटेपाशीच.

पोट साफ होण्याच्या औषधाबद्दल एकच वाक्य: मॉर्फिन लिहाल त्याच ओळीखाली ते लिहा, पहिल्याच दिवशी. मळमळ आणि झोप आठवड्याभरात सहसा शरीराच्या अंगवळणी पडते, बद्धकोष्ठता कधीच पडत नाही. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या, विशेषतः बेन्झोडायझेपिन, आधीपासून चालू आहेत का हे विचारल्याशिवाय पहिला डोस लिहू नका. दोन्ही मिळून श्वासावर फार भारी पडतात. गॅबापेन्टिन आणि प्रीगॅबालिनही गुंगी वाढवतात. हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या वेदनेवर रेडिओथेरपीची एकच, ८ ग्रेची (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रा अनेकदा सुंदर काम करते, पण ती सुचवायची आठवण राहत नाही. आणि कॅन्सरच्या रुग्णाची नवी पाठदुखी, त्यात पाय जड झाले, लघवी अडली, तर दुखणं दाबून थांबायचं नाही. मणक्यातल्या रज्जूवर दाब असू शकतो आणि तिथे प्रत्येक तास मोलाचा असतो.

व्यसनाचा प्रश्न टाळून प्रशिक्षण पुरं होत नाही. इथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या जातात. औषधाला शरीर सरावतं आणि मात्रा वाढवावी लागते, ही एक. औषध अचानक थांबवलं तर घाम, जुलाब, तगमग होते, ही दुसरी. दोन्ही शरीराचे धर्म आहेत, कोणालाही होतील. व्यसन म्हणजे नुकसान होतंय हे दिसूनही ओढ न सुटणं. वेदना नीट न शमलेला रुग्ण घड्याळाकडे बघत औषध मागत असतो, त्याला "व्यसनी" म्हणून मोकळे होण्याआधी मात्रा पुरेशी आहे का ते बघा. तरीही धोका खोटा नाही. म्हणून दारू, इतर पदार्थ, घरात कोणाला पूर्वी व्यसन होतं का, मानसिक आजार, हे प्रश्न प्रत्येकाला त्याच स्वरात विचारायचे, चेहरा बघून निवडून नाही. ज्याला व्यसन आहे त्यालाही कॅन्सर दुखतोच. त्याला औषध नाकारायचं नाही, एका वेळी थोड्या दिवसांचं द्यायचं, लवकर परत बोलवायचं, घरातल्या एका माणसाच्या ताब्यात ठेवायला सांगायचं. औषध कुलपात, मुलांच्या हाताबाहेर, आणि उरलेलं परत आणायचं, हे सगळ्यांनाच सांगायचं.

अमेरिकेत २०१६मध्ये सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने ओपिऑइड लिहिण्याबद्दल मार्गदर्शन काढलं. कॅन्सरवर उपचार चालू असलेले, पॅलिएटिव्ह केअरमधले (म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करण्यासाठी उपचार घेणारे) आणि अंतकाळचे रुग्ण त्यातून वगळल्याचं त्यात लिहिलेलं होतं. तरी त्यातले आकडे सरसकट लागू झाले आणि अनेकांची औषधं एकदम कमी केली गेली. २०२२ची सुधारित आवृत्ती काढताना त्यांना लवचीकपणावर भर द्यावा लागला. दुसऱ्या टोकाला, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०१७च्या अहवालानुसार जगात वर्षाला वाटल्या गेलेल्या सुमारे २९८.५ टन मॉर्फिन-समतुल्य ओपिऑइडपैकी सगळ्यात गरीब देशांच्या वाट्याला ०.१ टन आलं. माझ्या वर्गात मी या दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ सांगते. पुढे आणखी एक भर घालते, कारण ती आता दरवर्षी जास्त लागते: गंभीर आजारी म्हणजे लवकर जाणारा, हे समीकरण मोडलं आहे. कॅन्सर आटोक्यात येऊन वर्षानुवर्षं जगणारे रुग्ण आहेत. उपचारांच्या काळात सुरू झालेलं मॉर्फिन आजही लागतंय का, हे दर भेटीत विचारायला हवं, आणि लागत नसेल तर आठवड्यांच्या हिशेबाने हळूहळू उतरवायला हवं.

घरच्यांशी बोलण्याचा सराव मी नाटकासारखा घेते. मी रुग्णाचा मुलगा होते, प्रशिक्षणार्थी डॉक्टर होतो. मी विचारते, "डॉक्टर, मॉर्फिन दिलं म्हणजे आता काही उरलं नाही, असंच ना?" बहुतेक जण लगेच खुलासा देऊ लागतात, औषधाची माहिती, आकडे. मी थांबवते. आधी विचारा, "तुम्हाला असं का वाटलं?" मग मुलगा सांगतो की शेजारच्या खाटेवर मॉर्फिन लावलं आणि दुसऱ्या दिवशी माणूस गेला. आता बोलता येतं: "त्यांचा आजार शेवटच्या टप्प्यात होता, म्हणून तेव्हा दुखणं फार होतं आणि औषध लागलं. तुमच्या वडिलांना आपण ते आज देतोय कारण त्यांना बसता येत नाहीये. लहान मात्रेने सुरू करू, मी संध्याकाळी स्वतः येऊन बघीन." हे शेवटचं वाक्य नुसतं बोलून चालत नाही, संध्याकाळी खरंच जावं लागतं. रात्रपाळीच्या नर्सकडेही याच प्रश्नाला हेच उत्तर असायला हवं, नाहीतर नातेवाईक रात्री डोस चुकवायला लावतात.

एकदा शिकवून झालं की पुढे कोणी मागे उभं आहे ही भावना टिकवावी लागते. न्यू मेक्सिकोमध्ये संजीव अरोरा यांनी २००३मध्ये यकृताच्या आजारासाठी 'एको' ही पद्धत सुरू केली: दूरदूरचे डॉक्टर ठरलेल्या वेळी व्हिडिओवर जमतात, आपापले खरे रुग्ण मांडतात, अनुभवी माणसं आणि बाकी सगळे मिळून चर्चा करतात. वेदनेच्या प्रशिक्षणाला ही रीत फार जुळते. आठवड्यातून एक तास पुरतो. त्यात फसलेले प्रसंग आधी मांडायचे, आणि पहिला फसलेला प्रसंग शिकवणाऱ्याने स्वतःचा सांगायचा. मी वरच्या आजोबांचा सांगते.

आणि उपयोग झाला की नाही हे चाचणीतल्या गुणांवरून ठरवू नका. महिन्याला दहा केस पेपर काढा. डोस दिल्यावर तासाभरात दुखणं आणि गुंगी पुन्हा लिहिली आहे का? नियमित डोसबरोबर जादा डोस लिहिला आहे का? पोट साफ होण्याचं औषध आहे का? सुरू करण्याआधी क्रिएटिनिन बघितलं का? घरी जाताना कोणाला फोन करायचा हे लिहून दिलं का? पाच प्रश्न, हो किंवा नाही. निकाल वॉर्डातच लावा, नावं न घेता. सुरुवात एकाच वॉर्डापासून करा, आणि पहिल्या गटात रात्रपाळीच्या दोन सिस्टर असू द्या. क्रिएटिनिनचा प्रश्न मला एका सिस्टरनेच विचारला होता, आणि तोही रात्रीच.